कंबर, सुई आणि वांगणीची आवणी

आजचा विषय कंबरदुखी. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं कंबरेवर काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण सत्तरी ओलांडली की हा विषय न बोलावता घरी येतो!

वांगणी म्हटलं की मुंबईकरांना बदलापूरच्या पुढचं स्टेशन आठवतं. आम्ही बोलतोय ती जव्हारकडची वांगणी. 1992 साली वावर-वांगणी भागात कुपोषणानं लहान मुलं दगावली, तेव्हा कुठं उरलेल्या महाराष्ट्राला ही नावं कळली. काही वर्षांपूर्वी आवणीच्या दिवसांत आम्ही तिथं गेलो होतो. एका घराच्या ओटीवर एक आजी पालथी पडली होती. नात तिच्या कमरेवर जपून पाय देत होती. मध्येच आजी म्हणाली, "हां, तिथंच!"

आता गंमत पाहा. सातव्या शतकात चीनमध्ये सुन सिमियाओ नावाचे थोर वैद्य होऊन गेले. ठरलेल्या बिंदूंखेरीज, दाबल्यावर रोगी जिथं "हो, तेच!" म्हणेल तिथंही सुई टोचावी, असं त्यांनी सांगितलं. चिनी भाषेत त्या बिंदूंना 'आ-शी' म्हणतात. आमच्या आजीला सुन सिमियाओ ठाऊक असायचं कारण नाही. दुखरी जागा दुखणाऱ्यालाच विचारायची, हे शहाणपण मात्र दोन्हीकडे एकच.

आता थोडा इतिहास. चीनमधल्या मावांगदुई इथं इसवी सनपूर्व 168 मध्ये बंद झालेलं एक थडगं 1973 साली उघडलं. त्यातल्या वैद्यकीय लेखनात शरीरातल्या वाहिन्या आहेत, त्यांवर शेक देणंही आहे, पण सुई नाही. सुईचं सविस्तर शास्त्र पुढं 'हुआंगदी नेईजिंग' या ग्रंथात येतं. म्हणजे 'पाच हजार वर्षं जशीच्या तशी चालत आलेली विद्या' हे काही खरं नव्हे. ती घडत गेली, बदलत गेली. पुढं तिच्यात एक वाहिनी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी उतरून पायापर्यंत जाते असं मानलं गेलं. म्हणून कंबर दुखली तर गुडघ्यामागच्या लवणीत सुई टोचतात.

या विद्येला वाईट दिवसही आले. 1822 साली चीनच्या बादशहानं राजवैद्यांच्या संस्थेतून सुई काढून टाकली. 1950 नंतर नव्या राजवटीनं तिला परत आणलं. त्यामागं अभिमान होता, तशी गरजही होती. खेडी अफाट आणि डॉक्टर मूठभर. पुढं 1960च्या दशकात 'अनवाणी डॉक्टर' तयार झाले. त्यांच्याजवळ थोडी औषधं असायची आणि सुया असायच्या, कारण सुई स्वस्त.

इथं आपला माणूस येतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 1942 साली तिथंच वारले. ते शल्यविशारद, सुईचे वैद्य नव्हेत. पण त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू 1950च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते रुजवलं. पुढं महाराष्ट्रानं या उपचारपद्धतीसाठी 2015चा कायदा केला.

मग प्रश्न येतो, गुण येतो का? जर्मनीत 1162 कंबरदुखीच्या रोग्यांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2007 साली आले. सहा महिन्यांनी, शास्त्रोक्त सुयांनी 47.6 टक्क्यांना बरं वाटलं. बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचलेल्या सुयांनी 44.2 टक्क्यांना. नेहमीच्या औषध-व्यायामानं फक्त 27.4 टक्क्यांना. याचा अर्थ काय लावायचा? वाहिन्यांचा नकाशा यातून सिद्ध होत नाही. पण रोग्याला आराम पडला, हेही नाकारता येत नाही. टोचणं, स्पर्श, कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देणं, बरं वाटेल ही आशा. यातलं कशानं किती झालं, ते वेगळं काढणं कठीण. म्हणूनच तज्ज्ञांचं एकमत नाही. ब्रिटनच्या 2016च्या मार्गदर्शिकेनं कंबरदुखीसाठी सुया नकोत म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली जुनाट कंबरदुखीच्या उपचारांत त्यांना जागा दिली.

एक गोष्ट मात्र पक्की धरा. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी काही असेल तर सुई नको, शेक नको, भगताचा डागही नको. थेट दवाखाना गाठा.

आता पुन्हा वांगणी. त्या आजीला आम्ही विचारलं, कधीपासून दुखतंय? ती हसली. पावसात दिवसभर वाकून आवणी, उन्हाळ्यात लांबच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे, मधल्या काळात वीटभट्टी. 'कधीपासून' या प्रश्नाला तिच्याकडे उत्तरच नव्हतं. इतका पाऊस पडणारा हा मुलूख, आणि चैत्र-वैशाखात पाण्यासाठी वणवण!

दुखणं कुठं आहे हे नातीच्या पायाला कळलं, सुन सिमियाओंना कळलं. दुखणं कशातून येतं हा पुढचा प्रश्न, आणि तो एकट्या वैद्याचा नाही. सुईनं आजीला चार दिवस आराम पडेल, पडू दे की. आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही. पण नळ घराजवळ आला तर नातीची कंबर वाचेल. कोटणीस जिथं डॉक्टर नव्हते तिथं गेले, हे आपण अभिमानानं सांगतो. मग जव्हारची वाट आपल्याला लांब का वाटावी?

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि मंडळी, तासभर बसलात, आधी जरा उठून कंबर मोकळी करा.