मॅट्रिकनंतरची वाट

दहावीनंतर मुलाने पुढे काय शिकावे, हा प्रश्न आज वाळूजच्या घराघरांत विचारला जातो. आमच्या वडिलांच्या काळी मराठवाड्यात तो फारच थोड्या घरांना पडत असे. औरंगाबादेस १९२३ साली इंटरमीजिएट कॉलेज निघाले खरे. परंतु माध्यम उर्दू आणि पदवीसाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठणे भाग. खेड्यातील मराठी मुलापुढे भाषा, अंतर आणि खर्च असे तीन डोंगर एकाच वेळी उभे असत.

१९४८ च्या हैदराबाद मुक्तीनंतर चित्र पालटू लागले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. कॉलेज जवळ आले, तरी फीचा प्रश्न उरलाच होता. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाली होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ई.बी.सी. सवलत आली. ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत, त्यांच्या मुलांना फी माफ झाली. गरीब शेतकऱ्याच्या मुलाला कॉलेजचे दार प्रथमच आपले वाटले, ते या निर्णयामुळे.

दुसरा मोठा बदल कोठारी आयोगाच्या शिफारशीतून झाला. पूर्वी अकरावी मॅट्रिक होताच मुलाला थेट शहरातील कॉलेजात जावे लागे. महाराष्ट्राने १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारला. दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली व बारावीची १९७७ साली झाली. अकरावी-बारावीचे वर्ग माध्यमिक शाळांनाही जोडता येऊ लागले आणि कॉलेजची पहिली पायरी हळूहळू गावाकडे सरकली. पुढे मुलींना बारावीपर्यंत मोफत शिक्षण व ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळाला.

प्रस्तुत लेखक या नव्या पद्धतीच्या दुसऱ्या तुकडीचा, १९७६ सालचा दहावी पास. माझ्या बाकावरचा मित्र गुणांत माझ्या पुढे होता. ई.बी.सी. सवलतीस तो पूर्ण पात्र होता. मात्र त्याच्या वडिलांना उत्पन्नाचा दाखला मुदतीत मिळाला नाही. फी भरण्याची ऐपत नव्हती. मी बी.कॉम. होऊन गादीवर बसलो. तो जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबला. कापडाच्या व्यवहारात थान आखूड भरले तर बदलून देता येते. त्याचे ते वर्ष कोणालाच परत देता आले नाही. योजना कागदावर होती, पण त्याच्या दारापर्यंत पोहोचली नाही, ही खंत आजही मनात आहे.

आज योजनांची वाण नाही. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी केंद्राची एन.एम.एम.एस. शिष्यवृत्ती नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये देते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. तथापि दाखला, आधार, बँक खाते आणि अंतिम तारीख यांत एक जरी चुकले, तरी पात्र मूल बाहेरच राहते. औद्योगिक वसाहतीत रोजंदारी करणाऱ्या आईबापांना यासाठी खाडा करावा लागतो.

शासनाने फी आणि अंतर हे दोन डोंगर बरेच खाली आणले. कागदांचा डोंगर मात्र शेजाऱ्यांनीच हात दिल्याशिवाय उतरणार नाही. म्हणून वाचकांना नम्र विनंती, की दहावीचा निकाल लागताच आपण प्रत्येकाने आपल्या गल्लीतील एका तरी मुलाचे दाखले तपासावेत व त्याचा अर्ज मुदतीत भरून द्यावा. धन देणे सर्वांना शक्य नसेल; एक दुपार देणे सर्वांनाच शक्य आहे.