कायदा आधी, प्रयोगशाळा मागाहून

जानेवारी १८९७. तुम्ही मुंबईत, मांडवीच्या एका गल्लीत उभे आहात. सप्टेंबरात इथल्याच रुग्णांच्या अंगावरची गाठ पाहून मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. आता चाळी ओस पडल्या आहेत. गिरणी कामगार बोचकी बांधून बंदराकडे निघालेत. मिळेल त्या बोटीने कोकण गाठायचं. दवाखान्याचं नाव काढलंत तर लोक तुमच्यापासून चार पावलं लांब सरकतील. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, असं घरोघरी बोललं जातंय.

तसेच भायखळ्याला चला. ग्रँट मेडिकल कॉलेजात व्हरांड्याला लागून एक खोली आहे. कार्बोलिकचा वास नाकात शिरतो. टेबलावरच्या चंबूंत बकऱ्याच्या मांसाचा रस्सा आहे, वर तुपाचे थेंब तरंगताहेत आणि थेंबांखाली पांढरट लोंब्या वाढताहेत. ते प्लेगचे जंतू. तापवून मारले की त्यांचीच लस होते. इतक्या मोठ्या साथीवर लस शोधण्यासाठी सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना दिलंय काय? ही जागा, एक कारकून आणि तीन शिपाई. १० तारखेला ते लस आधी स्वतःलाच टोचून घेतात, तीही ठरवलेल्या मात्रेच्या तिपटीहून अधिक. ताप चढतो, उतरतो. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात कैदी स्वखुशीने पुढे येतात, आणि टोचून घेतलेल्यांत लागण कमी दिसते.

आता तारखा ध्यानात ठेवा. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा येतो. त्याच्या जोरावर मार्चात पुण्यात प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांचे गोरे सोजीर घरात घुसतात, देवघरापर्यंत जातात. माणसं आजारी माणूस लपवतात, मग गाठीचा ताप घरातच पसरतो. त्याच मार्चच्या १० तारखेला रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने जातात. लस तयार होऊन तेव्हा दोन महिने झालेले असतात. तुम्ही त्या मार्चात पुण्यात उभे असता तर दारावरच्या बुटांचा आवाज तुम्हाला ऐकू आला असता. टोचणारा डॉक्टर मात्र दिसला नसता.

लशीला ऐसपैस जागा दिली ती खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी, स्वतःचा वाडा मोकळा करून. त्यांनी चारचौघांत टोचूनही घेतलं, म्हणून त्यांचे खोजे अनुयायी पुढे आले. सरकारने परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस प्रयोगशाळेला दिलं ते ऑगस्ट १८९९ मध्ये. कायद्यानंतर अडीच वर्षांनी! माणसांवर जबरदस्ती करायला जी घाई होती, ती हाफकिन यांच्या त्या खोलीला पैसा आणि हात पुरवायला का नव्हती, हा प्रश्न मला आजही छळतो.

आणखी एक मुक्काम. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुलकोवाल. १०७ जणांना लस टोचली जाते. त्यांतले १९ जण पुढे धनुर्वाताने मरतात. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. तरी चौकशी समिती बोट दाखवते परळकडे. हाफकिन पदावरून दूर होतात. पंजाबातली टोचणीची मोठी मोहीम तिथेच मोडते.

१९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञ लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहितात, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला जातो. सरकार त्यांना पुन्हा नोकरी देतं, पण कलकत्त्याला. परळ त्यांना परत मिळत नाही. परळच्या संस्थेला त्यांचं नाव लागतं १९२५ मध्ये. मधल्या काळात, १९०४ आणि १९०७ या दोन वर्षांत, भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं प्लेगने गेली. ही लस बनवणारा माणूस त्या वेळी परळबाहेर ठेवलेला होता. हा निर्णय चुकीचा होता.