पाणवनस्पतींच्या फिशटँकमध्ये दिवा किती वेळ लावावा?

फिशटँकमध्ये माशांबरोबर जिवंत पाणवनस्पती असतील तर दिवा केवळ शोभेसाठी नसतो. वनस्पतींचे अन्न आणि माशांना मिळणारा प्राणवायू त्यावर अवलंबून असतो. नव्या टाकीला सहसा रोज ६ तास आणि रोपे रुजल्यावर ७ ते ८ तास प्रकाश पुरतो. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र दिवा कोणत्या वेळी लावला जातो, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

बारा तास का नकोत?

नागपुरात जूनमध्ये दिवस तेरा तासांहून मोठा असतो, डिसेंबरमध्ये अकरा तासांहून थोडा लहान. म्हणून टाकीलाही बारा तास प्रकाश हवा, असा समज होतो. पण तळ्यावर सकाळ-संध्याकाळी ऊन तिरपे पडते आणि त्यातले बरेचसे पृष्ठभागावरूनच परावर्तित होते. एलईडी दिवा मात्र पहिल्या मिनिटापासून पूर्ण ताकदीने जळतो. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि खते पुरतील तेवढाच प्रकाश वनस्पती वापरतात. उरलेल्याचा फायदा शेवाळाला होतो. खिडकीतून टाकीवर थेट ऊन येत असेल तर तेही हिशेबात धरावे किंवा पडदा लावावा.

उन्हाळ्यातली अडचण

मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि टाकीतले पाणीही तापते. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना सुमारे ७. त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढते. शिवाय अंधारात वनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, उलट श्वसनासाठी वापरतात. त्यामुळे तो रात्रभर घटत जातो. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ती धोक्याची खूण समजावी.

अशा वेळी प्रकाशाचे तास वाढवणे हा उपाय नव्हे. रात्रभर एअर पंप चालू ठेवावा. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर तो दिव्याबरोबर बंद झालाच पाहिजे.

सोयीचे वेळापत्रक

• हिवाळा व पावसाळा: दुपारी ३ ते रात्री १०.
• उन्हाळा: सकाळी ७ ते १० आणि सायंकाळी ७ ते १०. सकाळच्या प्रकाशाने रात्री घटलेला प्राणवायू भरून निघू लागतो आणि भर दुपारी दिव्याच्या उष्णतेची भर पडत नाही. दुपारीही एअर पंप चालू ठेवावा.

टायमर कोणता?

चकतीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो. दोन तास वीज गेली तर पुढचे सारे वेळापत्रक दोन तासांनी मागे पडते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर वेळ सांभाळतो.

बदल कधी करावा?

काचेवर शेवाळ वाढू लागले तर प्रकाश एक तासाने कमी करून दोन आठवडे वाट पाहावी. रोज वेळ बदलत राहिल्यास कशाचा परिणाम झाला, ते कळत नाही. अनुबियास आणि जावा फर्न मंद प्रकाशातही टिकतात. खोडाची रोपे लांबट, विरळ पानांची होऊ लागली तर बहुधा दिवा कमी ताकदीचा असतो. तेव्हा तास न वाढवता दिवा बदलावा.