आज १० जुलै : बोडीत मासे कसे आले



आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. हाच दिवस का, हे मलाही प्रशिक्षणाला जाईपर्यंत माहीत नव्हतं.

आपल्या भंडारा-गोंदियात तलाव जुने. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले, धानाच्या पाण्यासाठी. त्यात मासे धरायचे आपले ढिवर बांधव. म्हणजे मासे धरणं जुनं, पण बियाणं टाकून मासे पाळणं आपल्याकडे अलीकडचं. अडचण बियाण्याचीच होती. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. बोडीत वाढतात, पोटात अंडीही धरतात, पण साचलेल्या पाण्यात ती टाकत नाहीत. म्हणून पुराच्या वेळी नदीत बारीक जाळं लावून जिरे गोळा करायचे. गंगेकडचं जिरे कलकत्त्याहून रेल्वेनं दूरदूर जायचं. वाटेत बरंच मरायचं, अन् त्यात शिकारी माशांची पिल्लंही मिसळलेली असायची.

१० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी हा प्रश्न सोडवला. माशाच्या डोक्यातली पियुष ग्रंथी काढून तिचा अर्क नर-मादीला टोचला, अन् बांधलेल्या पाण्यात कार्प माशांनी अंडी दिली. आज आपण जे बीज विकत आणतो, त्याची सुरुवात तिथून. पुढे १९७१ पासून सहा जातींच्या मिश्र मत्स्यशेतीचे प्रयोग देशभर झाले. १९७३-७४ पासून मत्स्य शेतकरी विकास संस्था निघाल्या, तलाव भाड्यानं, कर्ज अन् प्रशिक्षण देण्यासाठी.

आता माझी गोष्ट. पंधरा वर्षांपूर्वी मी बोडीत पहिल्यांदा बीज टाकलं. देणारा पिशव्या देऊन गेला, काही सांगितलं नाही. मी भर दुपारी पिशव्या फोडून ओतल्या. निम्मं बीज तासाभरात उलटं. उरलेलं मरळीनं खाल्लं. माघात जाळं ओढलं तर दहा मरळ अन् मोजून सतरा रोहू! बीजाचे पैसे उसने आणले होते, ते धान विकून फेडले.

नंतर तीन दिवसांचं प्रशिक्षण केलं. आधी मोहाची ढेप टाकून जुने मासे काढायचे. मीटरभर पाणी असेल तर एकरी साधारण टनभर. मग तीन आठवडे थांबायचं. विष उतरतं, ढेपेचं खत होतं. बीज सकाळी किंवा संध्याकाळी सोडायचं, बंद पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची. जिरे नको, बोटभर बोटुकली घ्यायची. ढगाळ दिवसात पहाटे बोडीवर जायचं. मासे वर तोंड काढून हवा घेत असतील तर ताजं पाणी सोडायचं.

पण खरं सांगू? वहीत लिहिलेलं अर्धं विसरलो होतो. प्रशिक्षण देणारे साहेब दोनदा बोडीवर आले, माझ्यासोबत चिखलात उतरले, तेव्हा ते डोक्यात बसलं. त्या वर्षापासून घरी खाऊन बाजारात विकण्याइतके मासे निघतात.

१९५७ ला बियाण्याचा प्रश्न सुटला. शिकवणारा माणूस मात्र अजून सगळ्या बोड्यांपर्यंत पोचला नाही. कृषीवाल्या मित्रांनो, प्रशिक्षण पावसाच्या आधी घ्या, हॉलमध्ये कमी अन् पाळीवर जास्त. आणि ढिवर बांधवांना, त्यांच्या बायांनाही बोलवा. मासा त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

तुमचं पहिलं बीज जगलं होतं का? लिहा.