बीड जिल्हा, करोडगिरीची हद्द आणि माणसांचें स्थलांतर

एखादा मुलूख एका राज्यसंघांतून व त्याच्या जकातीच्या कुंपणांतून बाहेर पडला, म्हणजे तेथील माणसांच्या येण्याजाण्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न युरोपांतील अलीकडच्या घडामोडींमुळें पुष्कळ चर्चिला गेला आहे. त्याचें उत्तर शोधण्यास उपयोगी पडेल असें एक उदाहरण आपल्या घरींच आहे. तें म्हणजे बीड जिल्ह्याचें. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता, आणि १९५६ सालीं हैदराबाद राज्यांतून निघून मुंबई राज्यांत आला. या दोन घटनांनीं जुनी हद्द पुसली गेली. परंतु हद्द पुसल्यामुळेंच माणसें हललीं काय, याचा निर्णय केवळ तारखांवरून करतां येणार नाहीं.

प्रथम हद्दीचें स्वरूप पाहूं. जिल्ह्याच्या पश्चिमेस कांहीं अंतर सीना नदी ही निजामी मुलूख व इंग्रजी अहमदनगर जिल्हा यांमधील सीमा होती. दोन्ही कांठांस भाषा एक आणि सोयरीक एक, राज्यें मात्र दोन. निजामी राज्यांत जकातीच्या खात्यास करोडगिरी म्हणत. कंपनी सरकार व निजाम यांच्या १८०२ च्या व्यापारी तहानें मालावर शेंकडा पांच जकात ठरली होती. नाणेंहि निराळें, सात हाली रुपयांस सहा कलदार हा सामान्य भाव. असें असलें तरी ही जकात गाडींतील मालावर होती, गाडीवानावर नव्हती, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

माणसांविषयींचा निर्बंध निराळ्या ठिकाणीं होता. परमुलखांतून येऊन दरबारी नोकऱ्या पटकावणाऱ्यांविरुद्ध एकोणिसाव्या शतकापासूनच ओरड चालू होती. त्यांतून मुल्की व गैरमुल्की हा भेद रूढ झाला. १९१९ च्या फर्मानाप्रमाणें, जन्मानें मुल्की नसलेल्या मनुष्यानें राज्यांत पंधरा वर्षें वास्तव्य केलें असेल आणि तेथेंच कायम राहण्याचा त्याचा निश्चय असेल, तरच त्यास मुल्की समजावें असें ठरलें. हा नियम लेखणीवर पोट भरणाऱ्यांचा होता. नांगर, कुऱ्हाड किंवा टोपली घेऊन निघालेल्या माणसास त्याचा ना आधार होता ना अडथळा. १८९१ च्या शिरगणतींत बीड जिल्ह्याची वस्ती सुमारें ६ लाख ४२ हजार होती. १९०० च्या दुष्काळानंतर, १९०१ सालीं, ती ४ लाख ९२ हजारांवर आली. या दीड लाखांच्या तुटींत मेलेले किती व परागंदा झालेले किती, हें आंकडे सांगत नाहींत. परंतु उपाशी मनुष्य वाट धरतांना हद्दीचा दगड पाहत नाहीं, एवढें उघड आहे.

ज्या एका वर्षीं हद्द खरोखर माणसांच्या जिवावर आली, तें वर्ष म्हणजे १९४८. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं झालेला जैसे थे करार टिकला नाहीं. आर्थिक कोंडी झाली, रझाकारांचे अत्याचार वाढले, आणि मराठवाड्याच्या सीमेवरील पुष्कळ कुटुंबें अहमदनगर व सोलापूर जिल्ह्यांकडे निघालीं. १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस कारवाई चारपांच दिवसांत संपली. त्यानंतर प्रवाह उलटला, व जिल्ह्याजिल्ह्यांतील मुसलमान कुटुंबें हैदराबाद शहराकडे धांवलीं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें त्याच वर्षअखेर दौरा करून औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान पांच हजार माणसें मारलीं गेल्याचा अंदाज दिला. हा अहवाल २०१३ पर्यंत सामान्य वाचकाच्या हातीं नव्हता. इतिहासलेखकानें या दोन्ही निर्वासनांची नोंद एकाच मापानें केली पाहिजे. हीं माणसें कोणत्याहि जकातीच्या नियमानें हललीं नाहींत, भयानें हललीं.

यानंतरचा बदल कायद्यानें व हळूहळू झाला. राज्यघटनेच्या ३०६ व्या कलमानें ब वर्गांतील राज्यांस करारानें दहा वर्षांपर्यंत आपली जकात चालू ठेवतां येत होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनें तें कलम गेलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्याचे तीन भाग होऊन मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले. मुल्की नियम १९५७ च्या कायद्यानें मोडीत निघाले. तेलंगणांत मात्र वास्तव्याची अट आणखी कांहीं काळ राखण्यांत आली. तिच्यावरून तेथें १९६९ सालीं केवढें आंदोलन पेटलें, हें सर्वश्रुत आहे. मराठवाड्याच्या सुशिक्षितांस एका कुंपणाचें संरक्षण गेलें, आणि त्याच्या बदल्यांत लोकसंख्येच्या प्रमाणांत नोकऱ्या मिळण्याचें १९५३ च्या नागपूर करारांतील आश्वासन हातीं आलें. तें पुरतें फळलें नाहीं, ही तक्रार १९७४ च्या आंदोलनांत उमटली. म्हणजे राज्य बदलल्याचा प्रत्यक्ष परिणाम मुख्यतः नोकरीपेशावर झाला.

मग श्रमिकांचें काय? त्यासाठीं नद्यांकडे पाहावें लागतें. मांजरा नदी याच जिल्ह्यांत, पाटोद्याच्या डोंगरांत उगम पावते. तिचें पाणी निजामी राजवटीनें १९३१ पर्यंत बांधून झालेल्या निजामसागरांत अडविलें. त्यावर निजामाबाद भागांत ऊंस पिकला, आणि बोधनचा कारखाना उभा राहिला. हद्दीच्या पलीकडे इंग्रजांनीं भंडारदऱ्याचें धरण बांधून प्रवरेचे कालवे काढले. तेथें लोणीस १९५० च्या अखेरीस सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम सुरू झाला. बीड दोन्हीकडून कोरडेंच राहिलें. हैदराबादच्या संघांत असतांना त्याच्या नदीचें पाणी पूर्वेस गेलें. तो संघ सोडल्यावर त्याचीं माणसें पश्चिमेस जाऊं लागलीं.

आज दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून लाखों ऊंसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेलें नवराबायकोचें जोडपें एक ‘कोयता’ म्हणून मोजलें जातें. उचल फिटेपर्यंत त्यास जागा सोडतां येत नाहीं. करोडगिरीच्या नाक्यावर माणसाची मोजदाद नव्हती. मुकादमाच्या वहींत ती आहे. हद्द गेली म्हणून मजूर मोकळा झाला, असें म्हणण्यास आम्ही म्हणूनच धजत नाहीं.

युरोपांतील अनुभव याहून फार भिन्न नाहीं. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजीं युरोपीय संघाबाहेर पडलें, व त्या वर्षाच्या अखेरीस संघांतील नागरिकांचा मुक्त प्रवेश थांबला. युरोपांतून येणारे घटले; परंतु हिंदुस्थान, नायजेरिया इत्यादि देशांतून येणारे इतके वाढले कीं, जून २०२३ अखेरच्या वर्षांत निव्वळ आगमन नऊ लाखांच्या वर गेलें. कायद्यानें येणारा बदलला, येण्याचें कारण बदललें नाहीं.

बीडच्या उदाहरणावरून आमचें मत असें झालें आहे कीं, संघ जोडल्यानें वा मोडल्यानें कोणास कोणती जागा मिळावी हें ठरतें. माणसें निघावीं कीं न निघावीं हें मात्र पाणी, मजुरी व जिवाची सुरक्षितता यांवर ठरतें. या मताची कसोटी कागदपत्रांनींच लागेल. जुन्या घरांतून मुल्की दाखले आणि करोडगिरीच्या पावत्या असतील, मुकादमांकडे उचलीच्या वह्या असतील. राजांच्या सनदा जपल्या गेल्या, त्या आस्थेनें हे कागदहि जपले गेले पाहिजेत. कारण सामान्य माणसाच्या प्रवासाचा दुसरा पुरावा सहसा मागें राहत नाहीं.