हा क्रम कुणाचा? – रानड्यांनी वाचलेले तुकोबा

आमच्या मुरगुडात सप्ताह बसला की सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण सुरू होतं. वाचणाऱ्यांना विचारा, कशासाठी वाचता? बहुतेक जण म्हणतील, "मनाला बरं वाटतं." आता संशोधक म्हणून तुमच्यापुढे प्रश्न येतो: असं 'बरं वाटणं' इतिहासाचा पुरावा होऊ शकतं का?

गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. ते फर्ग्युसनमध्ये आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते; शिवाय निंबरगी परंपरेतले नामसाधकही. त्यांचा 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' हा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली आला. संतवाङ्मय म्हणजे अनुभवाची साक्ष, ही त्यामागची भूमिका. ज्ञानदेवांचा गूढानुभव बौद्धिक, एकनाथांचा समन्वयी, तुकारामांचा व्यक्तिगत, रामदासांचा कर्मप्रवण, अशी त्यांची मांडणी आहे.

त्यातलं तुकारामांवरचं विवेचन नीट वाचा. रानड्यांच्या मते तुकोबांना विसावा आणि कृपा आयती मिळाली नाही. आधी तळमळ, स्वतःच्या दोषांची कबुली, देव भेटत नाही म्हणून आक्रोश. त्यानंतर साक्षात्कार आणि शांती. त्या तळमळीसाठी त्यांनी सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या संत जॉन ऑफ द क्रॉस यांची 'आत्म्याची काळरात्र' ही कल्पना वापरली.

वाचताना हे पटतंच. मलाही पटलं, आणि पहिल्या टिपणात मी हा क्रम सरळ तुकोबांचं चरित्र म्हणून लिहून टाकला. मार्गदर्शकांनी समासात एवढंच विचारलं, "हा क्रम कुणाचा?"

इथेच खरी मेख आहे. गाथेत चार हजारांहून अधिक अभंग आहेत, पण त्यांवर तारखा नाहीत. विज्ञानवाल्यांना पटकन कळेल असं सांगतो: नोंदी भरपूर आहेत, पण वेळेचा अक्षच नाही. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, घरातले मृत्यू, असे काही टेकू मिळतात. बाकी रेघ अभ्यासकाने ओढलेली. तळमळ आणि शांती तुकोबांच्या आयुष्यात आलटूनपालटून येत राहिली असेल, असं म्हटलं तरी याच अभंगांतून तेही दाखवता येईल.

मग रानडे चुकले का? तसं नाही. आज ज्याची तळमळ चालू आहे, त्या साधकाला हा क्रम धीर देतो: ही रात्र शेवटची नाही. साधनेचा नकाशा म्हणून ही मांडणी भक्कम आहे. चरित्र म्हणून मात्र ते गृहीतक आहे, आणि गृहीतक तपासायचं असतं.

म्हणून वहीचे दोन भाग करा. डावीकडे मजकूर काय सांगतो ते, उजवीकडे तुम्ही काय जुळवलंत ते. पारायणाला बसलेल्या माणसाला ही वही लागत नाही. त्याचा विसावा तारखांवर अवलंबून नाही. तुमचा प्रबंध मात्र आहे.