किनारा वाचवणारा कायदा कसा होतो आणि त्यासाठी आपण काय करू शकतो?

रायगडच्या किनाऱ्यावर शाळेत शिकवताना दरवर्षी आम्ही मुलांना विचारतो, वडील काय करतात? पूर्वी निम्मा वर्ग म्हणायचा, "होडीवर जातात." आता उत्तर येते, "गल्फला आहेत", "रिक्षा आहे", "आधी होडी होती." यातले "आधी होडी होती" हे उत्तर ऐकले की प्रश्न पडतो: मासळी कमी झाली असे सगळे म्हणतात, मग ती वाचवण्यासाठी कायदा आहे की नाही? असेल तर तो कोण करतो? आणि मोहल्ल्यातल्या माणसाचे म्हणणे तिथपर्यंत कसे पोहोचते? या लेखात तेवढेच साध्या शब्दांत मांडत आहोत.

कोणता विषय राज्याचा, कोणता केंद्राचा?

इथे गल्लत झाली की अर्ज चुकीच्या दारात जातो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय आहे. त्यावर कायदा महाराष्ट्र विधिमंडळ करते. त्यापलीकडचा समुद्र केंद्र सरकारकडे. किनाऱ्यावरची बांधकामे, म्हणजे ज्याला आपण सीआरझेड म्हणतो, ती केंद्राच्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतात. सध्याची सीआरझेड अधिसूचना २०१९ ची आहे. अंमलबजावणीत मात्र राज्य आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा मोठा हात असतो.

कांदळवनांचे रक्षण बरेचसे न्यायालयामुळे झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात सांगितले की कांदळवन नष्ट करणे हे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे. भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. त्याआधी २०१२ मध्ये राज्याने वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला होता. कोलंबी, चिंबोरी आणि कितीतरी माशांची पिल्ले याच चिखलात वाढतात, म्हणून मच्छीमारासाठी हा केवळ झाडांचा प्रश्न नाही.

एका कायद्याची गोष्ट: १९८१ ते २०२१

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक बोटी यांच्यातले भांडण मिटावे आणि मासळी टिकावी हा त्याचा हेतू. पावसाळी बंदी याच कायद्याच्या आधारे चालते. गेली कित्येक वर्षे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात, कारण हा अनेक माशांच्या अंडी घालण्याचा काळ.

पण चाळीस वर्षांत समुद्र बदलला. पर्ससीन जाळी आली. जाळे गोल फिरवून खालून आवळायचे, आत अख्खा थवा, लहानमोठे सगळे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले. मग एलईडी दिवे आले. रात्री प्रखर उजेड टाकून मासे गोळा करायचे आणि एका खेपेत उपसून न्यायचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने आपल्या हद्दीत त्यावर बंदी घातली. तरी जुन्या कायद्यातला दंड मोठ्या बोटवाल्याला किरकोळ वाटायचा. शिवाय प्रकरणे तहसीलदारांकडे चालायची, आणि त्यांच्या टेबलावर आधीच सातबारापासून निवडणुकीपर्यंत सगळे.

पारंपरिक मच्छीमारांच्या संस्था वर्षानुवर्षे हेच सांगत होत्या: दंड वाढवा आणि निर्णय मत्स्यव्यवसाय खात्याकडे द्या. २०२१ च्या अखेरीस आधी अध्यादेश आणि मग हिवाळी अधिवेशनात विधेयक, अशा मार्गाने दुरुस्ती झाली. एलईडी मासेमारीला ५ ते २० लाख रुपये दंड, बेकायदा पर्ससीनला १ ते ६ लाख, ठरलेल्या आकारापेक्षा लहान मासळी पकडल्यास १ ते ५ लाख. निर्णयाचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले.

पुढे २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा जाहीर केले. ही मागणीही मच्छीमारांकडूनच गेली होती.

विधेयक कोणत्या वाटेने जाते?

विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. मंत्री मांडतात ते शासकीय, मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेले ते अशासकीय. अशासकीय विधेयक क्वचितच मंजूर होते, पण विषय सभागृहाच्या नोंदीत येतो आणि सरकारला उत्तर द्यावे लागते.

मांडणी, मग सर्वसाधारण चर्चा, मग कलमवार चर्चा आणि दुरुस्त्या, शेवटी मतदान. विधानसभेत २८८ आमदार, विधान परिषदेत ७८. दोन्ही सभागृहांनंतर राज्यपालांची संमती आणि राजपत्रात प्रसिद्धी. त्यानंतर नियम तयार होतात, आणि खरी मेख इथे असते. नियम नसतील तर कायदा कपाटात राहतो. गुंतागुंतीचे विधेयक कधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जाते, तेव्हा लोकांकडून सूचना मागवल्या जाऊ शकतात. ती संधी सोडू नये.

आपण काय करावे?

१. मागणी एकच आणि नेमकी ठेवा. "समुद्र वाचवा" असे लिहिले तर फाईल पुढे सरकत नाही. "रात्रीच्या गस्तीची नोंद दरमहा जाहीर करावी" असे लिहिले तर हो किंवा नाही म्हणावेच लागते. आम्हीही एकदा मोहल्ल्यातर्फे चार पानी अर्ज दिला होता. त्यात राग भरपूर, कलम एकही नाही. उत्तर आले ते फक्त "नोंद घेतली" एवढेच.

२. आधी माहिती काढा. माहितीच्या अधिकारात मत्स्यव्यवसाय खात्याला विचारा: वर्षभरात एलईडीची किती प्रकरणे, किती दंड लावला, किती वसूल झाला? साधारण ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हा कागद हातात असला की भाषणाची गरज कमी पडते.

३. आमदारांना अधिवेशनाआधी भेटा, अधिवेशनात नव्हे. रायगडमध्ये पनवेल, कर्जत, उरण, पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड असे सात मतदारसंघ आहेत. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी ही तीन अधिवेशने. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, विधेयकावर दुरुस्ती, यांपैकी काय हवे ते स्पष्ट सांगा आणि मसुदा लिहून द्या. आमदारांमार्फत विनंती अर्जही सभागृहात सादर करता येतो.

४. एकटे जाऊ नका. राजपुरी, दिघी, मुरूड, श्रीवर्धन इथला मुस्लिम मच्छीमार आणि शेजारचा कोळी बांधव एकाच पाण्यावर जगतात. जमातीचे पत्र, मच्छीमार सोसायटीचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव एकत्र जोडले की तो एका समाजाचा अर्ज राहत नाही. जुम्मानंतर मशिदीबाहेर सह्या घेता येतात, तशाच बंदरावरही. मासळी विकणाऱ्या बायकांच्या सह्या विसरू नका. मासळीचा आकार त्यांच्याइतका कोणाला कळत नाही.

५. भाषा मराठी ठेवा. घरात उर्दू किंवा कोकणी बोलत असलो तरी विधिमंडळाचे कामकाज मराठीत चालते. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांना मसुदा लिहायला बसवा. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा आमच्याकडेही नाही.

काही अवघड गोष्टी

हा कायदा फक्त दुसऱ्यांसाठी नाही. बारीक आसाचे जाळे आपल्याही होडीत असते, आणि तळहातापेक्षा लहान पापलेट आपणही कौतुकाने विकत घेतो. लहान होडीवाल्यालाही लाखाचा दंड होऊ शकतो, आणि मोठा बोटवाला तेवढी रक्कम एका हंगामात काढतो. म्हणून पुढची मागणी बोटीच्या आकारानुसार दंड, पुरेशा गस्तीनौका आणि जाळी बदलण्यासाठी मदत अशी असावी, असे आम्हाला वाटते. नुसता दंड वाढवून मासळी वाढत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळ-सुपारीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. त्या दिवशी आपल्याला कळले की किनारा गेला तर घर, बाग आणि होडी सगळे एकदम जाते. हा किनारा वाडवडिलांनी दिलेली अमानत आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती द्यायची, तर पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्याला असतात तेव्हाच बसून पहिला अर्ज लिहायला घ्या.